दोष कोणाच्या माथी?

नवी वस्तू मनासारखी चालली नाही की तिच्यावर दोषारोप करून मोकळे होणे मनुष्याला फार सोपे जाते. बऱ्हाणपुरात तापीकाठी उभे राहून पैलतीरीच्या आहूखान्यावर कोणी नवी टेलिफोटो लेन्स रोखावी, चित्र पुसट यावे, आणि 'हिचा ऑटोफोकस सदोष' असा निकाल तेथेच लागावा. आरोपीची बाजू ऐकतो कोण?

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत असलेली वस्तू न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत : अतिदूरत्व, अतिसामीप्य, इंद्रियाचा बिघाड, मनाची अस्थिरता, सूक्ष्मता, मध्ये आलेला आडपडदा, प्रखरतेने झाकले जाणे आणि सारख्यात सारखे मिसळणे. आठांपैकी इंद्रियाचा अपराध एकच! लेन्सलाही हा न्याय लागू पडतो. सुमारे वीस किलोमीटरवरील असीरगड वैशाखातल्या दुपारी थरथरताना दिसतो, तो तापलेल्या हवेमुळे. जवळचे फूल टिपले जात नाही, कारण लेन्सला किमान अंतर लागते किंवा तिच्यावरील अंतरमर्यादेची कळ दूरवर लावलेली असते. जामा मशिदीच्या एकसारख्या कमानींपुढे यंत्रही गोंधळू शकते.

म्हणून चौकशी क्रमाने व्हावी. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, भरपूर उजेडात स्पष्ट रेषांचे स्थिर लक्ष्य घ्यावे, फोकसचा एकच मधला बिंदू निवडावा आणि एक नव्हे, अनेक चित्रे घ्यावीत. मग त्याच कॅमेऱ्यावर जुनी लेन्स व दुसऱ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून पाहावी. नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक तो हाच.

आरशाच्या कॅमेऱ्यात कधीकधी विलक्षण निष्कर्ष निघतो. मागच्या पडद्यावर पाहून फोकस केला तर चित्र स्वच्छ, नेत्रिकेतून केला तर प्रत्येक वेळी तेवढेच पुढे वा मागे. तेथे फोकस मोजणारा संवेदक वेगळा असतो. लेन्स आणि कॅमेरा आपापल्या जागी नियमात बसतात, परंतु दोहोंच्या किंचित चुकांची बेरीज होते. अनेक कॅमेऱ्यांत त्यासाठी सूक्ष्म समायोजनाची सोय आहे. शिक्षा कोणालाच नको, जुळवणी हवी.

सासू-सुनेच्या कलहात, देवस्थानाचे जुने पंच आणि नवा सेवेकरी यांच्या बेबनावात हा तिसरा निकाल आपण कितीदा विचारात घेतो? दोन भली माणसे एकत्र आली की चूक एकाची असलीच पाहिजे, हे गृहीतच अन्यायाचे मूळ होय. अर्थात, सर्व कसोट्यांनंतर लेन्स खरोखर सदोष ठरली, तर हमीच्या मुदतीत ती निःसंकोच परत करावी. क्षमा म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे नव्हे, आणि न्याय म्हणजे घाई नव्हे.