ताळेबंदापलीकडचे ऋण

इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथे मॉन्मोर ग्रीन क्रीडांगणावर ‘स्पीडवे’ ही मोटारसायकलींची शर्यत होत असे. चार स्वार, चार फेऱ्या, मातीची धावपट्टी आणि ब्रेक नसलेली गाडी, असा हा साधा खेळ. जागा मात्र क्लबची नव्हती. मालक कंपनीने करार पुढे वाढवला नाही आणि २०२३ च्या हंगामानंतर तेथील शर्यती थांबल्या.

अशा छोट्या क्लबांचे अर्थकारण नाजूक असते. स्वारांचे मानधन, जागेचे भाडे, विमा, डॉक्टर व रुग्णवाहिका हा खर्च अटळ. उत्पन्नाची भिस्त मात्र तिकिटांवर. ऐन वेळी पाऊस आला की तेही बुडते. २०२१ मध्ये ईस्टबोर्नच्या संघाने आर्थिक ओढाताणीमुळे भर हंगामात माघार घेतली.

जे आपला खर्च भागवू शकत नाही, त्याला जगण्याचा अधिकार आहे काय? मालकाने कायदा मोडलेला नसतो. त्याला दोषी ठरवणे न्याय्य होणार नाही. तथापि एखादी जागा केवळ खरेदीखताने घडत नाही. विनामोबदला राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या हातांनीही ती घडते आणि त्या श्रमाची नोंद कोणत्याही खातेवहीत नसते. म्हणून नकार देण्याचा हक्क मालकाला असला, तरी दुसरी जागा शोधण्यास पुरेशी सवड देणे हे त्याच्यावरील ऋण आहे.

चाहत्यांवरही ऋण आहेच. संस्था बंद पडल्यावर हळहळणारे पुष्कळ असतात. ती चालू असताना वर्गणी भरणारे थोडे. ज्या संस्थेवर आपले प्रेम आहे, तिची वर्गणी आपण भरली आहे काय, हे प्रथम पाहावे.