गढीचा वाटा

मराठवाड्यातल्या पडक्या गढ्यांत खाली घडीव दगडांचे थर, वर ढासळती पांढऱ्या मातीची भिंत, बुरुजाला जंग्या आणि आत बुजलेले बळद दिसते. उन्हाळ्यात गावकरी माळवदावर टाकायला ती माती नेतात. वारसांना ती चोरी वाटते. सातबारा पाहिला तर वारसांचे खरेही असेल. पण भूमीवर माणसाची मालकी चालते का, हा प्रश्न आपल्याकडे कचेरीच्या फार आधी यज्ञमंडपात निघाला होता. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे, मग राजाने पृथ्वीही द्यावी का? मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी नाही म्हणतो, कारण भूमी सगळ्यांना सारखीच. त्याचे भाष्यकार शबरस्वामी पुढे जातात: राजा पिकाची राखण करतो म्हणून त्याला पिकातला वाटा मिळतो, जमीन मिळत नाही. देवाचे गाव, देवाचे शेत हेही त्यांच्या मते नुसते बोलण्यापुरते. मग जहागीरदाराची काय कथा!

यावर गढीवाले म्हणतील, राखण तर आम्हीच केली. ते खोटे नाही. पेंढाऱ्यांच्या दिवसांत गढीच गावाचा आसरा होती, आणि पैनगंगेच्या मुलखात हटकरांच्या नोव्साजी नाईकाने १८१९ च्या जानेवारीत निजामाच्या फौजेशी नोव्हाची गढी लढवली. पण राखणीचा काळ त्याच सुमारास ओसरू लागला. रोहिल्यांच्या धाडींपायी आणखी चार दशके सोडून देऊ. १८६५ मध्ये निजामाचा दिवाण सालारजंगाने जिल्हाबंदी करून वसुली सरकारी तालुकदारांकडे दिली; देशमुखांना वसुलीतला वाटा, म्हणजे रुसुम, चालूच राहिला, जहागिरी तर १९४९ च्या ऑगस्टपर्यंत टिकल्या. काम गेले, वाटा राहिला. म्हणून निर्मूलनाला लूट म्हणणे मला पटत नाही, शिवाय जहागीरदारांना भरपाईही मिळाली. बारवा बांधल्या, देवळांना आणि दर्ग्यांना इनामे दिली, हे पुण्य खरे. पण ते रयतेच्या ज्वारीतून झाले आणि त्यात वेठीचा घामही होता.

मग कुळाची मालकी तरी कुठे उरते? इथे मनुस्मृती, जिच्याकडून समतेची अपेक्षा कोणी करणार नाही, कुळाच्या बाजूने बोलते: ज्याने खुंट काढून रान वहितीला आणले, शेत त्याचे. हा हक्क कष्टातून येतो, म्हणून तो वाट्यापेक्षा भक्कम आहे. पण तोही कसण्यापुरताच. १९५० च्या कूळकायद्याने हाती आलेल्या जमिनीचे आज प्लॉट पाडणाऱ्याला जैमिनीचा प्रश्न तितकाच लागू होतो.