निरीक्षणाचा रकाना कोराच

बस इथे. ती पिशवी मांडीवर धरून बसू नकोस, टेबलावर ठेव. सोनोग्राफीचे तीन रिपोर्ट, शौचाच्या तपासणीचे चार, दुर्बिणीचा एक. सगळे नॉर्मल. आणि तू रडवेल्या तोंडाने मला विचारतोस, ‘बाई, यांना काही सापडत कसं नाही?’

अरे, दहावीत पचनसंस्था तुला मीच शिकवली ना? आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं केवढं मोठं जाळं असतं! मेंदूशी त्याची दिवसरात्र देवाणघेवाण चालू असते. तुझ्यात ते जाळं हळवं झालंय. इतरांना ज्या वायूची जाणीवही होत नाही, त्यानेच तुला कळ येते. आतड्याच्या हालचालीची लय चुकते, म्हणून कधी चार दिवस खडा, तर कधी सकाळी चार खेपा. दुर्बिणीला सूज, जखम, गाठ दिसते. चेतांचा हळवेपणा तिला दिसत नाही. तुझं दुखणं खरं आहे आणि रिपोर्टही खरे आहेत. आयबीएस म्हणतात ते हेच. त्यातून कॅन्सर होत नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगितलंय आणि तरी तू चौथी सोनोग्राफी करायला निघालास!

निदानाला मशीन लागलं नाही म्हणून तुला ते पटत नाही. त्याचे निकष ठरलेले आहेत, 2016 साली ते नव्याने मांडले गेले. कमीत कमी सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला त्रास, गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांशी, स्वरूपाशी संबंध. हे सगळं तुला लागू पडतं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जुलाबांनी आठ दिवस झोपला होतास, तेव्हापासून हे सुरू झालं, असं तू आत्ता मला सांगितलंस. डॉक्टरांना सांगितलंस का? नाही! अशा संसर्गानंतर काही जणांच्या मागे हा विकार लागतो. ज्या माणसाकडून औषध घ्यायचं त्याच्यापासूनच अर्धी हकीकत लपवायची, ही कुठली रीत?

वजन सहा किलो उतरलंय, तेही लपवलंस. मऊ भातावर आठ महिने काढलेस म्हणून उतरलं असेल. पण ते ठरवणारा तू कोण? वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काहीही असलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. उद्याच जा.

आणि दर महिन्याला औषधाच्या दुकानातून ‘अमिबाच्या’ म्हणून मेट्रोनिडॅझोल आणतोस, ते बंद. तपासणीत अमिबा नाही, मग गोळ्या कुणाला मारायला घेतोस? उलट डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली अमिट्रिप्टिलिनची बारीकशी गोळी तू तिसऱ्या दिवशी फेकून दिलीस. का, तर मोबाइलवर वाचलंस की ती डिप्रेशनची आहे! इतक्या कमी मात्रेत ती आतड्याच्या चेतांचं दुखणं शमवायला देतात आणि गुण यायला काही आठवडे लागतात. तुला कुणी वेडा ठरवलेलं नाही. ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढंच म्हणून वाटेला लावणाऱ्यांवर तू चिडतोस, ते मात्र बरोबर आहे. ताणाने पोट बिघडतं आणि पोटाने ताण वाढतो, दोन्ही खरं.

आता ताटाचं. कांदा, लसूण, गहू, दूध, डाळी, फळं, सगळं सोडून बसलास. असे पदार्थ वर्ज्य करण्याची पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने नावारूपाला आणली, पण तिच्या तीन पायऱ्या आहेत. दोन ते सहा आठवडे वर्ज्य करायचं, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि जो खरोखर त्रास देतो तेवढाच कमी करायचा. तू पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकलास! आहारतज्ज्ञाला सोबत घे आणि पुढच्या पायऱ्या चढ. तोवर ज्वारीची भाकरी खा. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. लसणाच्या पाकळ्या तेलात परत आणि काढून टाक. त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही, वास तेवढा उतरतो. आईच्या हातच्या फोडणीला आठ महिने मुकलास, त्याची गरज नव्हती.

इसबगोल दोन घोट पाण्यात ढकलतोस, म्हणून पोट तडस लागल्यासारखं होतं. थोड्यापासून सुरुवात कर आणि वर पेलाभर पाणी पी. सकाळी उपाशीपोटी तीन कप चहा आणि लगेच बसला पळापळ, हे चालणार नाही. खाल्ल्यावर मोठं आतडं आपसूक हलतं. अर्धा तास लवकर ऊठ, ठरल्या वेळी नाश्ता कर, मग शांतपणे शौचाला जा. मोबाइल बाहेर ठेव.

परवा चुलतबहिणीच्या लग्नात तू पंगतीला बसला नाहीस. हॉलच्या मागच्या दारापाशी, शौचालय दिसेल अशा जागी उभा होतास. मी पाहिलं ते. जीव तुटला माझा, म्हणूनच आज बोलावलं.

शाळेत तुझी प्रयोगवही मी परत केली होती, आठवतं? निरीक्षणाचा रकाना कोरा होता. आजही तेच. रिपोर्टची पिशवी भरली, पण काय खाल्लं, किती झोप झाली, कळ कधी आली, याची एक ओळ तुझ्याकडे नाही. शौचाचे सात प्रकार दाखवणारा ब्रिस्टलचा तक्ता आहे. एक म्हणजे सुट्या कडक गोळ्या, सात म्हणजे नुसतं पाणी, तीन-चार म्हणजे ठीक. रोज आकडा लिही. लाज कसली त्यात?

दोन आठवडे लिही. ती वही आधी डॉक्टरांना दाखव आणि मग माझ्याकडे घेऊन ये. जेवायलाच ये, भाकरी करून ठेवते.