फाट्यांच्या कथेतला कर्ता

निवडीवर चालणारी कथा वाचकाला मधेच थांबवते आणि पुढे काय करायचे ते त्यालाच विचारते. खरे सांगायचे की गप्प बसायचे, नदी ओलांडायची की माघारी फिरायचे, असे दोन-तीन पर्याय समोर येतात. वाचक एक उचलतो आणि कथा त्या अंगाने पुढे जाते. छापील पुस्तकात हे काम पानांचे क्रमांक करतात. एडवर्ड पॅकर्ड यांच्या ‘द केव्ह ऑफ टाइम’पासून १९७९ मध्ये ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ ही मालिका सुरू झाली आणि ‘तू’ हाच नायक असलेल्या गोष्टी जगभरच्या मुलांच्या हाती गेल्या. संगणकावर पानांच्या क्रमांकाची जागा दुव्यांनी घेतली. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये केलेल्या ‘ट्वाइन’ या मोफत साधनात लेखक एकेक प्रसंग चौकटीत लिहितो, चौकटी बाणांनी जोडतो आणि शेवटी सगळी कथा एकाच फाइलमध्ये बाहेर काढतो. ही फाइल साध्या ब्राउझरमध्ये उघडते, देवनागरीत चालते आणि मोबाइलवरून कोणालाही पाठवता येते. तिला छापखाना लागत नाही, वितरकही लागत नाही.

या कथांमागे एक जुना प्रश्न उभा आहे. वाचक निवडतो असे म्हणायचे, पण तो जे काही निवडू शकतो ते सगळे लेखकाने आधीच लिहून ठेवलेले असते. मग त्या कृतीचा कर्ता कोण?

रचनेकडे पाहिले तर प्रश्न आणखी टोकदार होतो. एका कथेत लागोपाठ दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवली तर १,०२४ शेवट लिहावे लागतात. एवढे कोणी लिहीत नाही. म्हणून फुटलेल्या वाटा थोड्या अंतराने पुन्हा एका प्रसंगात आणून सोडतात. वाचक डावीकडून गेला काय नि उजवीकडून गेला काय, संध्याकाळी तो त्याच धर्मशाळेत पोचतो. हे कळले की पुष्कळ वाचकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हीच अडचण आहे. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की अहंकाराने तू लढणार नाही म्हणालास तरी तुझा स्वभावच तुला लढायला लावील. त्यानंतर दोन-चार श्लोकांतच तो म्हणतो की सगळे सांगून झाले, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. पहिले खरे असेल तर दुसरे पोकळ ठरते, असे वरवर दिसते. पण युद्ध होणार की नाही हा प्रश्न तोवर मिटलेला आहे. अर्जुनाच्या हाती उरले आहे ते एवढेच: लढणारा अर्जुन कोणत्या समजुतीने लढणार. घटना तीच राहते, कर्ता बदलतो. चांगल्या निवड-कथांमध्ये जुळलेल्या वाटांचे समर्थन याच पद्धतीने करता येते. धर्मशाळा एकच असली तरी वाटेत कोणाला मदत करून आलेला आणि कोणाला टाकून आलेला असे दोन वेगळे प्रवासी तिथे पोचतात. कथेने ते लक्षात ठेवले पाहिजे, एवढीच अट. महाभारतातच उद्योगपर्वात निवडीचा उत्तम नमुना आहे. एका बाजूला नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण. अर्जुन कृष्णाला मागतो आणि दुर्योधन उरलेली सेना घेऊन आनंदाने परततो. दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते, आणि दोघांची निवड त्यांच्याविषयी सगळे सांगून जाते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात कर्तृत्वाचा प्रश्न सरळच घेतला आहे. जीव कर्ता आहे असे सूत्रकार म्हणतात, कारण तो नसेल तर शास्त्रातले ‘हे कर’, ‘ते करू नको’ निरर्थक ठरेल. पुढे ते असेही म्हणतात की हे कर्तृत्व ईश्वराकडून येते, मात्र ईश्वर जीवाच्या प्रयत्नाकडे पाहूनच त्याला प्रवृत्त करतो. शंकराचार्यांनी इथे पावसाचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो. भात उगवायचा की जव, हे बी ठरवते. निवड-कथेच्या लेखकाला हा दृष्टान्त आवडेल, पण तो त्याला पुरता लागू पडत नाही, कारण इथे बीही लेखकानेच लिहिलेले असते. शंकराचार्यांचा युक्तिवाद संसार अनादी आहे या गृहीतावर उभा आहे. आजच्या प्रयत्नामागे कालचा प्रयत्न आहे, त्यामागे परवाचा. कथेला मात्र पहिले पान असते आणि त्या पानावर नायकाच्या गाठीला कोणतेही पूर्वकर्म नसते.

ते वाचकाच्या गाठीला असते. पहिल्याच फाट्यावर एक वाचक दार उघडतो आणि दुसरा उघडत नाही, याचे कारण पुस्तकात कुठेही सापडणार नाही. ते त्यांच्या स्वभावात आणि आजवरच्या आयुष्यात आहे. म्हणजे कथेतले स्वातंत्र्य पानांमधून येत नाही, वाचक ते बाहेरून घेऊन येतो. लेखकाच्या ताब्यात राहते ते फळ. कोणत्या कृतीला काय फळ द्यायचे हे पूर्णपणे तोच ठरवतो आणि त्याची नैतिक जबाबदारीही तिथेच सुरू होते. ईश्वर कर्माकडे पाहून फळ देतो म्हणून त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोष येत नाहीत असे ब्रह्मसूत्रे सांगतात. सुरुवातीच्या काळातल्या अनेक निवड-पुस्तकांवर हे दोन्ही दोष खुशाल ठेवता येतील. डावीकडे वळलात, खड्ड्यात पडलात, मेलात. निवडीचा आणि मरणाचा काही संबंध नाही. मुलांना ते मजेदार वाटायचे, हे खरे.

फळाचा न्याय कसा असावा हे एका काल्पनिक कथेवरून पाहता येईल. ती ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात, तानसा तलावाच्या परिसरातल्या एका कातकरी वाडीवर घडते. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. दिवाळी झाली आहे. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीचा शेठ उचल द्यायला आला आहे. कथा विचारते: उचल घेऊन बिऱ्हाडासकट भट्टीवर जायचे, गावात राहून रोजगार हमीच्या कामाची वाट पाहायची, की आटगाव स्टेशनवरून गाडी पकडून शहरात काम शोधायचे? तीन पर्याय दिसतात खरे. पण गेल्या वर्षीचा हिशेब फिटलेला नाही, घरात दाणा नाही, धाकटे मूल आजारी आहे. शेवटचे दोन पर्याय वाचता येतात, त्यांच्यावर मात्र रेघ ओढलेली आहे आणि त्यांना बोट लावून काही होत नाही. झोई क्विन यांच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या २०१३ च्या ट्वाइन-कथेत ही युक्ती प्रभावीपणे वापरली आहे. नैराश्यग्रस्त माणसाला काय करायला हवे ते दिसते, करता येत नाही. खोडलेला पर्याय पुसून टाकलेल्या पर्यायापेक्षा जास्त बोलतो.

‘त्याने उचल घेतली, म्हणजे त्यानेच निवडले’ हे वाक्य अशा कथेनंतर सहज उच्चारता येत नाही. तसेच ‘तो बिचारा परिस्थितीचा गुलाम’ हेही पुरेसे नाही. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. देह, इंद्रिये आणि मन कर्माच्या नियमाने जखडलेले आहेत हे टिळक मान्य करतात. पण सुटण्याची प्रेरणा आत्म्याची आहे, प्रकृतीची नाही, म्हणून ती स्वतंत्र आहे, अशी त्यांची मांडणी आहे. तानशाच्या कथेत ती प्रेरणा कुठे दाखवायची? १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठबिगारीच्या कर्जाची फेड करण्याचे बंधन रद्द झाले आहे. नायकाने मधल्या एखाद्या प्रसंगात हे ऐकले असेल, तर शेठसमोरच्या फाट्यावर चौथा पर्याय उमटावा. ऐकले नसेल तर उमटू नये. जाणण्याने करण्याच्या शक्यता बदलतात, हे इथे भाष्याशिवाय दाखवता येते. मात्र चौथा पर्याय घेणाऱ्याला लगेच सुखाचा शेवट देणे खोटे ठरेल. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे मारणे हेही त्या निवडीचे फळ आहे, आणि ते लिहायला हवे.

याच प्रकरणात टिळकांनी कर्माचे जे वर्गीकरण केले आहे ते निवड-कथा लिहिणाऱ्याला थेट उपयोगी आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या रूढ त्रयीऐवजी त्यांनी प्रारब्ध आणि अनारब्ध असे दोनच भेद धरले: ज्याचे फळ सुरू झाले ते आणि ज्याचे अजून सुरू झालेले नाही ते. तिसऱ्या प्रसंगात नायक शेजाऱ्याशी खोटे बोलला. कथेने ते नोंदवले आणि चाळिसाव्या प्रसंगापर्यंत त्याचे नावही काढले नाही. ही नोंद म्हणजे अनारब्ध. ताबडतोब मिळणारे फळ वाचकाला हिशेबी बनवते. उशिरा येणारे फळ त्याला आपण कसे वागलो ते आठवायला लावते, आणि ‘मला माहीत असते तर’ ही तक्रार त्याला करता येत नाही, कारण जीवनातही ते आधी माहीत नसते.

निवड-कथेच्या अगदी उलट टोकाला मोक्षपट हा सापशिडीचा जुना खेळ आहे. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. जपलेले जुने पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. जैन पटांत बहुधा ८४ घरे असतात, वैष्णव पटांत ७२. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे, वरच्या टोकाला मुक्ती. खेळणारा कवड्या टाकतो आणि पडेल त्या दानाने पुढे सरकतो. क्रोधाच्या घरात तो रागावून जात नाही, दान पडले म्हणून जातो, तरीही साप त्याला गिळतोच. इथे फळ आहे पण निवड नाही. निवड-कथेत निवड आहे, पण एक पान मागे गेले की फळ पुसले जाते. पुस्तकात बोट घालून ठेवायचे आणि नायक मेला की परत यायचे, हे प्रत्येक मुलाने केलेले आहे. संगणकात त्यासाठी वेगळे बटणच असते. कर्म मानायचे तर ते असे परत घेता येऊ नये. पण मागे जाणे सर्वस्वी बंद केले तर वाचक घाबरून जपून पावले टाकतो आणि कथा शुष्क होते. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ने २०१५ मध्ये यावर वेगळा तोडगा काढला. खेळाडू मागे जाऊन सगळे नव्याने करू शकतो, पण खेळ आधी काय घडले ते विसरत नाही आणि एका पात्राकडून ते बोलूनही दाखवतो. कृती पुसली तरी संस्कार उरतो, हे त्यात कोणतेही शास्त्र न सांगता आले आहे.

यातून पुढचा प्रश्न येतो: कथेत केलेल्या दुष्कृत्याचे काही लागते का? अभिनवगुप्तांच्या रसविचाराप्रमाणे नाटकातला भाव प्रेक्षकाचा खाजगी राहत नाही, त्याचे साधारणीकरण होते. म्हणून रौद्र रस अनुभवणाऱ्याला हिंसेचा दोष नाही. परंतु नाटकाचा प्रेक्षक काही करत नाही. निवड-कथेचा वाचक करतो, आणि त्याला ‘तू’ म्हटलेले असते, तेव्हा हे कवच इथे थोडे पातळ होते. जैनांची यशोधराची कथा दुसऱ्या टोकाचे उत्तर देते. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये लिहिलेल्या ‘यशस्तिलक’ या चंपूत आणि राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंतांनी लिहिलेल्या अपभ्रंश काव्यात ती आली आहे. राजा यशोधर आईच्या आग्रहाने देवीला कोंबडा बळी देतो. जिवंत नव्हे, पिठाचा. तरीही माय-लेक जन्मोजन्मी पशुयोनीत भटकतात. रक्ताचा थेंब सांडला नाही, पण मारण्याचा भाव होता. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वाघबारशीला वाघोबापुढे कोंबड्याऐवजी नारळ ठेवणाऱ्या घराला हा न्याय फारच कडक वाटेल.

निवड-कथेला तो जसाच्या तसा लावता येत नाही. यशोधराला बळीचे फळ हवे होते. अरिष्ट टळावे म्हणून त्याने पिठावर सुरी चालवली. बहुतेक वाचक क्रूर पर्याय घेतात ते पुढे काय लिहिले आहे ते पाहावे म्हणून. कुतूहल हा हिंसेचा भाव नव्हे. पण कथा क्रौर्याबद्दल काही बक्षीस देत असेल आणि वाचक त्या बक्षिसासाठी पुन्हा पुन्हा तोच पर्याय उचलत असेल, तर तो यशोधराच्या जवळ सरकतो. आणि ते बक्षीस ठेवणारा लेखक राजमातेच्या जागी उभा असतो.

मोक्षाचा प्रश्न उरतो आणि त्याचे सर्वांत धीट उत्तर एका मुलांच्या पुस्तकात आहे. पॅकर्ड यांच्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ (१९८२) मध्ये अल्टिमा नावाचा स्वर्गासारखा ग्रह आहे. त्याचे पान पुस्तकात छापलेले आहे, पण कोणताही पर्याय तिथे नेत नाही. नियम मोडून, पाने नुसती चाळूनच वाचक तिथे पोचतो. शंकराचार्यांचे म्हणणे असे की कर्माने काही निर्माण होते, मिळते, बदलते किंवा शुद्ध होते. मोक्ष या चारांपैकी काहीच नाही, म्हणून तो कोणत्याही कर्माचे फळ असू शकत नाही. पॅकर्ड यांनी शांकरभाष्य वाचले असण्याची शक्यता नाही, पण रचना तीच आहे. फरक एवढाच की अद्वैतात मुक्ताला जाणे-येणे उरत नाही, तर पाने चाळणारा मुलगा अल्टिमाहून परतून पुन्हा पहिल्या पानापासून खेळतो.

ट्वाइनमध्येही असे पान करता येते: ज्याच्याकडे एकही बाण येत नाही अशी चौकट. प्रकाशित झालेली फाइल वाचकाने त्याच साधनात परत उघडली की सगळ्या चौकटी आणि बाण नकाशासारखे एकदम दिसतात, ती सुटी चौकटसुद्धा. त्या नकाशात निवडायचे काही राहत नाही. सुटी पडलेली चौकट बहुतेक वेळा लेखकाच्या हातून दुवा राहून गेल्यामुळे झालेली असते, आणि प्रकाशनाआधीच्या तपासणीत तिला जोडायचे, पुसायचे की तशीच ठेवायची हे त्यालाच ठरवावे लागते.