धर्मकाटा

कापूस विकायला नेताना आमचे बाबा एक गोष्ट कधीच चुकवत नाहीत. जिनिंगवर जायच्या आधी ते भरलेली गाडी धर्मकाट्यावर घेऊन जातात. वजन करतात, पावती खिशात ठेवतात आणि मग पुढे निघतात.

गेल्या हंगामात मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो, तेव्हा मीही सोबत गेलो. जिनिंगचा काटा इलेक्ट्रॉनिक, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का, लाल आकडे लांबूनही दिसतील असे. दोन्हीकडचं वजन सारखंच भरलं. परत येताना मी म्हटलं, "बाबा, धर्मकाट्याचे पैसे फुकटच गेले ना."

"फुकट काहून?" बाबा म्हणाले. "आता झोप तं लागन."

मी तेव्हा हसलो होतो. पण त्याच दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नगरपरिषदांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या. २ डिसेंबर २०२५ ला मतदान होतं आणि पानठेल्यावर एकच विषय होता: मशीन. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसणार, हे राज्य निवडणूक आयोगाने आधीच सांगितलं होतं. एका मतदाराला एकापेक्षा जास्त मतं द्यायची असतात, त्यामुळे ते शक्य नाही, असं कारण होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला राहवलं नाही. ईव्हीएम कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं, मतदान सुरू होण्याआधी प्रतिनिधींसमोर मॉक पोल होतो, मशीन त्यांच्यासमोर सील होतं, हे सगळं मी समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. शेवटी एक काका म्हणाले, "तू म्हणतं तं असन बापा."

वाद जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण ते वाक्य मला टोचलं. कारण काकांना मशीन पटलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. गावातला पोरगा शिकलेला आहे, खोटं कशाला बोलेल, एवढाच तो आधार. उद्या दुसरा एखादा शिकलेला पोरगा उलटं सांगेल, तेव्हा काका काय करणार?

निवडणुकीला दोन कामं करायची असतात. एक म्हणजे जिंकलेला माणूस शोधणं. दुसरं जास्त अवघड आहे: हरलेल्या माणसाला तू खरोखर हरलास, हे पटवणं. पहिलं काम मशीन झटपट करतं. दुसरं काम कोणी तज्ज्ञ दुसऱ्याच्या वतीने करू शकतो का, हा माझा प्रश्न आहे.

२००९ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने नाही असं उत्तर दिलं. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, असं म्हणून त्यांनी तिथली मतदान यंत्रं नाकारली. यंत्रात घोटाळा झाला होता असं न्यायालयाचं म्हणणं नव्हतं. पाहता येत नाही, हाच दोष होता.

आपल्याकडे हा प्रश्न असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी ही संस्था सुरू केली. उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे आज आपल्याला फोनवर वाचता येतात, त्यामागे तिचीच याचिका आहे. व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजून मशीनच्या आकड्याशी जुळवा, अशी तिची मागणी होती. सध्या एका विधानसभा क्षेत्रातल्या शेकडो केंद्रांपैकी फक्त पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. न्यायालयाने मागणी फेटाळली. तारीख होती २६ एप्रिल २०२४. त्याच दिवशी यवतमाळ-वाशिम मतदारसंघात लोकसभेचं मतदान चालू होतं.

मात्र न्यायालयाने एक दार उघडं ठेवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के मशीनची तपासणी मागता येते, खर्च त्याने भरायचा. २०२४ मध्ये आयोगाने एका मशीन संचासाठी ४० हजार रुपये आणि वर जीएसटी असा दर ठेवला. धर्मकाटा मिळाला, पण तो उमेदवाराला. पानठेल्यावरच्या काकांना नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माझ्याच सोयीचं बोलतोय असं होईल. कागदाचा काळ सोन्याचा नव्हता. मतपत्रिकांच्या दिवसांत केंद्रं ताब्यात घेऊन शिक्के मारले जायचे, हजारो मतं बाद व्हायची. हाताने मोजतानाही चुका होतात. आणि संशयाला अंत नसतो. हरलेला प्रत्येक नेता मशीनकडे बोट दाखवतो, आणि जिंकला की तेच मशीन त्याला चालतं. मग संशय म्हणजे फक्त हरलेल्याचं रडगाणं आहे का?

मला सोलापूर जिल्ह्यातलं मारकडवाडी आठवतं. २०२४ च्या विधानसभेनंतर आपल्या गावचा आकडा न पटल्याने तिथल्या लोकांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते थांबलं. त्यांच्या मनातला उमेदवार माळशिरसमधून जिंकलेला होता, म्हणजे त्यांना निकाल उलटवायचा नव्हता. त्या मतदानातून काही सिद्ध झालं नसतं, हे मला कळतं. लोक दुसऱ्यांदा वेगळं मत देऊ शकतात. पण न मोजल्यामुळे शंका मात्र तशीच राहिली.

बाबांच्या त्या सवयीत मला दोन गोष्टी दिसतात. ते तपासायला जातात, तेव्हा व्यापाऱ्याला चोर म्हणत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, आणि चांगला व्यापारी त्यावर रागावत नाही. दुसरी गोष्ट आपण सोयीने विसरतो: धर्मकाट्याचा आकडा जुळला की बाबा विषय संपवतात. चार काटे फिरत बसत नाहीत. मोजायचा हक्क हवा असेल तर मोजणीचं उत्तर स्वीकारायची तयारीही हवी, ते आपल्याविरुद्ध गेलं तरी.

मशीनमध्ये घोटाळा झाला, असं मला आजही वाटत नाही. पण सगळ्या चिठ्ठ्या मोजा, या मागणीच्या बाजूने मी आता आहे. निकाल उशिरा लागला तर लागू दे. पाच वर्षांच्या सत्तेपुढे तो वेळ धर्मकाट्याच्या पावतीइतकाच आहे.

आमच्या ऑफिसात कोणी "माझा कोड बरोबर आहे, बघायची गरज नाही" असं म्हटलं, तर आम्ही सगळ्यात आधी तोच कोड उघडतो. पानठेल्यावर मी काकांना वेगळं काय सांगत होतो?