अज्ञात लगडीचा कस

शिशाची एक लगड. भंगारातून आलेली, राखाडी, हाताला जड. वर ना छाप, ना नाव. अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरीच ओतून घेण्याचा छंद जुना आहे आणि तो करणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी येतो: हिच्यात नुसतं शिसं आहे, की कथील, अँटिमनी, आर्सेनिकही आहे, आणि किती? शुद्ध शिसं मऊ असतं, ब्रिनेल मापावर त्याचा कडकपणा 5 च्या आसपास भरतो. त्यात सुमारे 4 टक्के कथील आणि 12 टक्के अँटिमनी मिसळलं की छापखान्यातल्या लायनोटाइप यंत्राचा धातू होतो आणि कडकपणा 22 वर जातो. जुन्या मळकट लगडींत नुसत्या नजरेला हा फरक कळत नाही. प्रश्न धातूचा दिसतो, पण आपल्या दर्शनांनी शतकानुशतकं घासूनपुसून पाहिलेला प्रश्न तोच आहे: झालेलं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं? मीमांसक म्हणतात, ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःसिद्ध असतं. बाधा आली तरच ते सोडायचं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून, दुसऱ्या ज्ञानाने ठरतं. लगडीपुरतं मला नैयायिकांचं पटतं. मात्र त्याला एक अट जोडावीशी वाटते: पडताळणारी कसोटी पहिल्या कसोटीच्याच कारणाने फसणारी असेल, तर तिची साक्ष फुकट आहे.

सगळ्यांत सोपी कसोटी पेन्सिलीची. चित्रकाराच्या मऊ ते कडक अशा पेन्सिली घ्यायच्या, लाकूड तासून आतली कांडी उघडी करायची, तिचं टोक पॉलिश पेपरवर सपाट घासायचं आणि धातूवर तिरकं टेकवून पुढे ढकलायचं. मऊ पेन्सिल नुसती काळी रेघ ओढत घसरते. एकेक पायरी कडक घेत गेलं की एक पेन्सिल अशी येते, जी धातूत रुतून बारीक कीस उचलते. तिथे कडकपणाचा अंदाज मिळतो. पण कडकपणावरून घटक सांगायला गेलं की हेतू व्यभिचारी ठरतो, म्हणजे खूण एकाच कारणाशी बांधलेली राहत नाही. गाडीच्या चाकाच्या रिमला लावायच्या जुन्या शिशाच्या वजनांचा धातू हवेत थंड झाला तर 12 च्या आसपास राहतो. तोच साच्यातून थेट पाण्यात टाकला तर पुढच्या काही दिवसांत 18 च्याही पुढे जातो. घटक तेच, कडकपणा वेगळा. उलट वीस भाग शिशात एक भाग कथील घातलेला धातू 10 च्या आसपास येतो, म्हणजे हवेत निवलेल्या वजनांच्या अगदी जवळ. घटक वेगळे, कडकपणा जवळजवळ तोच. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे अनुमान चालतं कारण अग्नीविना धूर नसतो. इथे तशी व्याप्ती, म्हणजे कधीच न चुकणारी सोबत, नाही.

मग घनता मोजावी. शिशाची 11.34, कथिलाची 7.3, अँटिमनीची 6.7. लगड हवेत आणि मग पाण्यात लोंबकळत ठेवून तोलली की मिश्रणाची घनता निघते. पण हाती आकडा एक आणि अज्ञात घटक दोन. शिवाय ते दोन्ही घनतेने जवळजवळ सारखे, त्यामुळे हलकेपणा कथिलामुळे की अँटिमनीमुळे हे कळत नाही. आत पोकळी राहिली असेल तर वेगळीच फसगत. उरलं आप्तवाक्य: विकणारा म्हणतो, हे लायनोटाइप आहे. तो खोटं बोलत नसेलही. पण हा धातू दर वेळी वितळवताना कथील मळीबरोबर थोडंथोडं निघून जातं, म्हणूनच छापखान्यांना ते अधूनमधून भरून घालावं लागे. धातू ज्या दिवशी कारखान्यातून निघाला, त्या दिवशी नाव खरं होतं. आजच्या लगडीला ते लागू पडेलच असं नाही. तरीही या तिन्ही साक्षी एकत्र आल्या की त्यांना वजन येतं, कारण त्यांच्या फसण्याची कारणं वेगळी आहेत. कडकपणाला पाणी फसवतं, घनतेला पोकळी, नावाला काळ. तिघांनी एकाच वेळी एकाच दिशेने फसावं याला काही कारण दिसत नाही. संवाद म्हणतात तो हा. दहा पेन्सिलींनी दहादा तेच सांगितलं, तर तो संवाद नव्हे.

यावर पहिला आक्षेप बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा. विग्रहव्यावर्तनीत तो विचारतो, प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात, तर प्रमाणं कशाने? दुसऱ्या प्रमाणांनी म्हटलं तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी. आजचा माणूस म्हणेल, क्ष-किरणांचं हातयंत्र घ्या, ते काही सेकंदांत घटक सांगतं, वाद मिटला. पण तेही आधी माहीत असलेल्या नमुन्यावर जुळवावं लागतं आणि ते मुख्यतः पृष्ठभागच वाचतं. या पेचावरचं मला सर्वांत समाधानकारक वाटणारं उत्तर न्यायसूत्रांतला तराजूचा दृष्टान्त आहे. तराजू सोनं तोलतो तेव्हा तो प्रमाण असतो. ज्याचं वजन आधीच ठाऊक आहे असं सोनं घालून आपण तराजूच तपासतो, तेव्हा तो प्रमेय, म्हणजे जाणून घ्यायची वस्तू, होतो. प्रमाणपण ही त्याची कायमची जात नाही, त्या वेळचं काम आहे. म्हणून प्रत्येक तोलण्याआधी अनंत तराजू लागत नाहीत. शंकेला कारण असेल तिथेच तराजू तपासायचा. मीमांसकांचं म्हणणं इथवर खरं आहे की अकारण शंका घेत बसलं तर पाऊलच उचलणार नाही. पण बेवारशी लगड हे शंकेचं धडधडीत कारण आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायनच म्हणतात की प्रमाणाचं सार्थक्य त्यावरून केलेल्या कृतीच्या यशातून कळतं. मग ओतून पाहावं. गोळी नीट वठली, नेमाला लागली, की धातू ओळखला. पण नैयायिकांचे टीकाकार अद्वैती श्रीहर्ष यांनी याची दुखरी जागा आधीच दाखवली आहे: मुठीत किती कवड्या, असं विचारल्यावर कुणी अंदाजाने पाच म्हणावं आणि त्या पाचच निघाव्यात, म्हणून त्याला ज्ञान होतं असं होत नाही. एका यशाने लगड ओळखली जात नाही. आणि काही ठिकाणी करून पाहणं ही कसोटी वापरताच येत नाही. मोटारीच्या जुन्या बॅटरीतल्या पट्ट्यांच्या शिशात आर्सेनिक आणि कॅल्शियम असू शकतं. ते वितळवल्यावर निघालेल्या मळीला ओल लागली तर आर्सिन हा अत्यंत विषारी वायू सुटू शकतो. तिथे चूक कळते तेव्हा ती दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो. ज्या लगडीचं मूळ ठाऊक नाही आणि जिच्याबद्दल निरनिराळ्या कसोट्यांचं एकमत होत नाही, तिच्यावर खडूने ‘अज्ञात’ असं लिहावं आणि ती न वितळवता भंगारवाल्याला परत द्यावी.