खुर्ची सोडण्याचा दिवस

प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होणार, पहिली महिला राष्ट्रपती आणि तीही आपल्या जळगावची, म्हणून २००७ च्या जुलैत मी दिल्लीला निघालो. औंढ्यावरून एसटीने परभणी, तिथून सचखंड एक्स्प्रेस. नांदेडचं दर्शन करून पंजाबात परतणाऱ्या शीख कुटुंबांनी डबा भरला होता. मी नर्सी नामदेवच्या बाजूचा, एवढं कळताच एका वयस्कर सरदारजींनी सरकून जागा दिली. ग्रंथसाहेबातली नामदेवांची ६१ पदं त्यांना आपल्या घरची वाटत होती.

२५ जुलैला राजपथाच्या अलीकडेच पोलिसांनी अडवलं. अमेरिकेत २० जानेवारीला अध्यक्षाची शपथ बहुधा संसदेच्या पायऱ्यांवर होते, समोर लाखोंची गर्दी असते. आपल्याकडे सोहळा संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये, निमंत्रितांपुरता. याला कारणही आहे. आपला राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५. हिंगोली, कळमनुरी आणि वसमत मिळून आमच्या जिल्ह्याचं वजन ५२५. जनता या निवडणुकीत एक पायरी मागे उभी असते.

तेव्हा शपथविधी मी पाहिला तो पहाडगंजातल्या एका चहावाल्याच्या टीव्हीवर. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात काचेचा ग्लास. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी शपथ दिली, प्रतिभाताईंनी डोक्यावरचा पदर सावरत सही केली. मग खुर्च्यांची अदलाबदल झाली. कलामसाहेब राष्ट्रपतींच्या आसनावरून उठले, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि त्यांच्या जागी नव्या राष्ट्रपती बसल्या. घोडेस्वार, २१ तोफांची सलामी, सगळा थाट होता. माझं लक्ष मात्र त्या दोन खुर्च्यांवरून हटेना.

माझे आजोबा सातव्या निजामाची रयत होते. त्या राज्यात गादी रिकामी व्हायची ती गादीवरचा माणूस गेल्यावर. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तरी २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आलं तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख म्हणून तेच मीर उस्मान अली खान होते, थेट १९५६ पर्यंत. देशाचा पहिला नागरिक मुदत संपली म्हणून स्वतःहून उठतो, ही गोष्ट आमच्या भागाला फार जुनी नाही. मला ती अजूनही अपूर्वाईची वाटते.

२५ जुलै ही तारीख राज्यघटनेत कुठेही लिहिलेली नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये फखरुद्दीन अली अहमद यांचं पदावर असताना निधन झालं आणि त्याच वर्षी २५ जुलैला नीलम संजीव रेड्डींनी शपथ घेतली. तेव्हापासूनच्या प्रत्येकाने पाच वर्षं पूर्ण केली आणि ठरल्या दिवशी पद सोडलं, म्हणून तारीख हललेली नाही. सरकारं गडगडली, आघाड्या मोडल्या, मुदतपूर्व निवडणुका झाल्या, तरी ती टिकली. प्रतिभाताईंनीही २०१२ मध्ये त्याच दिवशी प्रणब मुखर्जींना आसन दिलं आणि त्या पुण्याला राहायला आल्या.

२०२२ च्या २५ जुलैला द्रौपदी मुर्मूंचा शपथविधी पाहताना म्हणूनच मन खट्टू झालं. त्याच वर्षी राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसले, ते वर्षानुवर्षं राहिले. खेड्यातल्या बाईला हातपंप दुरुस्त करून हवा असतो, शाळेच्या गळक्या छताबद्दल कुणाला तरी धरायचं असतं; तिने मत देऊन निवडलेला सदस्यच जागेवर नव्हता. आरक्षणाचे वाद न्यायालयात होते, हे खरं. पण देशाच्या सर्वोच्च पदाची तारीख पंचेचाळीस वर्षं एक दिवसही न चुकवणाऱ्या व्यवस्थेला जिल्हा परिषदेची तारीख पाळणं अशक्य होतं, हे मला पटत नाही. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीच प्रभागरचना आणि आरक्षण उरकण्याची सक्ती कायद्यात हवी, आणि ती मागणी आमच्या तीन आमदारांनी विधानसभेत लावून धरायला हवी.